ओळंबा

न्हाणीचं पाणी मोरीकडे जात नाही,
माझ्या शिलाई मशीनकडे येतं.
एवढंच काम होतं. उतार बदलायचा,
आठ लाद्या उखडायच्या, आठ बसवायच्या.
मार्च महिना. चवथीपर्यंत भरपूर वेळ,
असं मीच सगळ्यांना सांगत होते,
पाव घेऊन येणाऱ्या पोदेरालासुद्धा.

कायतान आला. गुडघ्यावर बसला,
लादीवर बोटाने ठोकून कान लावला
डॉक्टरसारखा. "पोकळ आसा," म्हणाला
आणि आठाच्या जागी बावीस उखडल्या.
दुसऱ्या दिवशी वाळू नव्हती.
तिसऱ्या दिवशी मामाच्या गावात फेस्त.
चौथ्या दिवशी फोन उचलला त्याने, खोटं कशाला बोलू,
उचलला, आणि म्हणाला, "फाल्यां."

फाल्यां म्हणजे उद्या, असं कोशात असेल.
आमच्या शिरोड्यात त्याचा अर्थ
माणूस अजून तुमच्यावर रागावलेला नाही,
इतकाच.

मग मी इतरांच्या मागे लागले.
बोरीचा उमाकांत प्लंबर आता टॅक्सी चालवतो,
त्याने मला विमानतळाचे दर सांगितले.
फोंड्याहून एक आला. मापं घेतली, चहा घेतला,
जाताना माझी टेपही घेतली.
पंचवाडीचा च्यारी कुजलेली चौकट बघून
"कुठल्या गाढवाने केली ही?" म्हणाला,
तासभर त्या गाढवाला नावं ठेवली.
तो त्याचाच बाप होता.
मी सांगितलं नाही.
बागलकोटचा हनुमप्पा कामाला चोख, सगळे म्हणतात,
पण तो पेरणीला गावी गेलेला.
मुकादमाने माझं नाव वहीत लिहून घेतलं,
सतरावा नंबर.

आता आंघोळ मागीलदारी, पत्र्याच्या आडोशाला.
न्हाणीत फळी टाकलीय, तिच्यावरून
होडीत चढावं तशी मी जाते येते.

कायतानचा ओळंबा तेवढा मागे राहिला.
खिळ्याला लटकतो, पितळेचा, टोकाशी घासलेला.
पंखा लावला की जरा डुलतो, पुन्हा उभा.
रात्री मशीन थांबवून मी बघत बसते.
भिंत दोन बोटं बाहेर आहे.
तीस वर्षं त्याच भिंतीवर कॅलेंडर लावलं,
तिरकं लावतोस म्हणून नवऱ्याशी भांडले,
तो बिचारा दर जानेवारीत नवा खिळा मारायचा.

चवथ बारा दिवसांवर असताना एस्पेरांस आली,
कायतानची बायको. छत्री ओट्यावर उघडीच ठेवली.
"तो गेला," म्हणाली.
माझ्या हातातली कात्री पडली.
"इंग्लंडला. भावाकडे. बटाट्यांच्या फॅक्टरीत.
ओळंबा तेवढा आणून ठेव म्हणालाय, त्याच्या पायचा तो."

मी तोंड उघडलं. पाच महिन्यांचं सगळं
जिभेवर रांग लावून उभं होतं:
वाळू, फेस्त, बावीस लाद्या,
आगाऊ दिलेले सहा हजार.
तेवढ्यात ती म्हणाली, "आणि माझा ड्रेस?"

निळा. गळा कापलेला, बाह्या जोडायच्या.
फेब्रुवारीत टाकला होता, भाचीच्या लग्नासाठी.
लग्न मे महिन्यात झालं.
तिने मग काय घातलं, विचारायचा धीर झाला नाही.
पिशवी टेबलाखाली होती,
तिच्या नावाची चिठ्ठी टाचणीने टोचलेली,
आणि तळाला ओल.
पाणी तिथवर पोचलं होतं.

दोघी बराच वेळ भिंतीकडे बघत राहिलो.
मग मी ओळंबा काढला, दोरी गुंडाळली,
तिच्या हातात दिला. एवढासा,
पण हात खाली गेला तिचा.
"फाल्यां," मी म्हणाले.
तिने मान हलवली,
फोनवर मी हलवते तशी,
कुणी बघत नसताना.

ती गेली. वहीत मी आता अकरावी.
खिळा तसाच आहे.
मी मशीनवर बसले, पावलं पाण्यात,
निळ्या दोऱ्याचं रीळ शोधत.